सात नंबरच्या खाटेवरचे नऊ सेंटिमीटर

१

जयवंता बुधवारी सकाळी सात वाजता गेला आणि साडेसातला आमच्या अधीक्षकांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला.

"ती पोरगी," प्रभाकरराव म्हणाले. "टेबलावर बसून आकडे लिहीत होती. खाटेपर्यंत गेलीच नाही."

पोरगी म्हणजे सिस्टर अन्नपूर्णा. नाचणगावची, तेवीस वर्षांची. दवाखान्यात लागून तिला आठ महिने झाले होते आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. जयवंता म्हणजे आर्वीकडचा एकतीस वर्षांचा शेतकरी. आतड्याला पीळ पडून पोट फुगलेल्या अवस्थेत तो मंगळवारी पहाटे आमच्याकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी संपला. आणि मी त्या दवाखान्याचा मुख्य सर्जन. १९८६ चा वैशाख होता, वर्ध्यात खिडकीच्या गजालाही हात लावता येत नव्हता, आणि मी तापट माणूस. आजही आहे, फक्त आता ऐकून घ्यायला हाताखाली कोणी नाही.

प्रकरण एका यंत्रावरून पेटलं होतं आणि ते यंत्र माझं होतं. आतडं अडलं की पोट फुगतं आणि आतला दाब वाढत जातो. दाब फार वाढला की आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. तो दाब मोजायची एक साधी युक्ती मी परदेशी मासिकात वाचली होती. लघवीच्या नळीतून मूत्राशयात थोडं पाणी सोडायचं आणि ती नळी एका उभ्या काचेच्या नळीला जोडायची. पोट आतून जितकं दाबेल तितकं पाणी वर चढतं. मी नालवाडीच्या सुताराकडून सेंटिमीटरच्या खुणांची लाकडी पट्टी करून घेतली, तिच्यावर काचेची नळी बांधली आणि ती पट्टी सात नंबरच्या लोखंडी खाटेला तारेनं आवळली. वॉर्डातले लोक तिला दाबपट्टी म्हणत. माझा नियम होता, आकडा पंचविसाला पोचला की पोट उघडायचं. बावीस रुग्णांवर तो बरोबर ठरला होता. पुढच्या महिन्यात नागपूरच्या परिषदेत मी त्यावर बोलणार होतो, आणि खोटं कशाला सांगू, त्या भाषणाची मी आरशासमोर तालीमही केली होती.

जयवंताचा आकडा पंचविसाला कधी पोचलाच नाही. तरी नाडी फार वाढली म्हणून संध्याकाळी पाचला पोट उघडलं तेव्हा आत दोन हात आतडं काळं पडलेलं होतं.

"शनिवारी नर्सिंग कौन्सिलला पत्र पाठवतो," प्रभाकरराव म्हणाले. "खोट्या नोंदी केल्या म्हणून. नाव कापलं गेलं की देशात कुठंच नर्सचं काम मिळणार नाही तिला. तुमचं यंत्र निर्दोष आहे, हेही त्यातून सिद्ध होईल."

मी शनिवारपर्यंत चौकशी करायची परवानगी मागितली. अन्नपूर्णाची कीव आली म्हणून नव्हे. पत्रात माझ्या यंत्राचं नाव येणार होतं आणि मला सगळं पक्कं हवं होतं.

खोलीवर येऊन तक्ता उघडला. दर दोन तासांच्या नोंदी होत्या. सहा वाजता एकोणीस, आठला एकवीस, दहाला तेवीस. मग बारा वाजता एकदम सोळा. दोनला अठरा, चारला वीस. शेजारच्या रकान्यात नाडी होती. ती सकाळच्या शंभरापासून चारपर्यंत एकशे चाळीसला गेली होती, न थांबता.

मी तक्ता घेऊन खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. जी पोरगी जागेवर बसून दाब कमी लिहील, ती त्याच ओळीत नाडी वाढलेली कशाला लिहील?

२

अन्नपूर्णा टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बारा वाजता तू स्वतः पट्टी पाहिलीस?"

"पाहिली सर."

"किती होतं?"

"सोळा. दोनदा पाहिलं. पाणी पुन्हा सोडून तिसऱ्यांदा पाहिलं. सोळाच."

"दहाला तेवीस आणि बाराला सोळा. हे तुला खटकलं नाही?"

"खटकलं. म्हणून निरोप पाठवला होता. मधुकर सरांजवळ."

मला कोणताही निरोप मिळालेला नव्हता. मंगळवारी अकरापासून साडेचारपर्यंत मी ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलो होतो. पुलगावकडच्या एकाला बैलानं भोसकलं होतं आणि त्याचं यकृत शिवता शिवता माझी कंबर मोडली होती. सात नंबरचा फक्त आकडा मला दारातून कळत होता.

"सकाळपासून दुपारपर्यंत खाटेपाशी काय काय झालं? कोणी पट्टीला हात लावला?"

"नाही."

"तू वॉर्डातच होतीस?"

"साडेदहाला औषधं आणायला स्टोअरमध्ये गेले होते. रांग होती. पाऊण तासानं आले."

"त्या पाऊण तासात काय झालं?"

आतापर्यंत ती पटापट बोलत होती. आता तिची नजर फरशीवर गेली आणि तिथंच राहिली. वर पंखा कुरकुरत होता. मला वाट पाहणं जमत नाही, मी पेन्सिल टेबलावर आपटायला लागलो.

"मला माहीत नाही, सर."

"शनिवारी तुझं नाव कापायचं पत्र जाणार आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग बोल ना! का आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"जे वाचलं ते लिहिलं. याहून जास्त मला काही सांगायचं नाही."

ती गेली. माझं डोकं भणाणलं होतं. खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहत होतो, ती भरभरून बोलतात. हिला काहीतरी ठाऊक होतं आणि ते ती गिळून बसली होती, घरी धाकट्या दोन बहिणी शिकत असताना.

३

डॉक्टर मधुकर माझ्या हाताखालचा निवासी डॉक्टर. हुशार होता आणि मला घाबरून असायचा. त्यातली दुसरी गोष्ट मला तेव्हा आवडायची.

"बारा वाजता अन्नपूर्णानं तुझ्याजवळ काय निरोप दिला?"

"आकडा सोळा, सर. मी दारातून सांगितला तुम्हाला. तुम्ही म्हणालात, उतरतोय ना, मग थांबा."

"एवढंच?"

त्याचा चेहरा पडला. "ती म्हणाली होती, पोट दगडासारखं लागतंय. आकड्यावर भरवसा वाटत नाही. सरांना एकदा येऊन हात लावून पाहायला सांगा."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?" मी इतक्या जोरात ओरडलो, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

त्या दिवशी मधुकर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून बोलला.

"मार्चमध्ये मी असंच सांगायला आलो होतो सर. पोट कडक वाटतंय म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, वर्णन नको, कविता नको, आकडा सांग. तेव्हापासून वॉर्डातून तुमच्याकडे कोणी आकड्याशिवाय काही नेत नाही."

मी त्याला जा म्हणालो. बोललो होतो मी तसं. मला ते वाक्य बोलल्याची आठवणही होती आणि सगळे हसले होते हेही आठवत होतं.

खोलीत बसवेना. उन्हातून चालत वॉर्डात गेलो. सात नंबरची खाट रिकामी होती. दाबपट्टीची तार मी पकडीनं पिळून तिच्यावर लाखेचा ठिपका ठेवला होता, कोणी हात लावू नये म्हणून. ठिपका जसाच्या तसा होता. नळी स्वच्छ होती. पाणी भरून पाहिलं, थेंबभरही गळत नव्हतं.

मग मी तिथंच, त्या खाटेवर बसून तक्त्याचं गणित मांडलं. सहापासून दहापर्यंत दाब दर दोन तासांनी दोननं चढला होता. त्याच चालीनं तो बाराला पंचवीस, दोनला सत्तावीस आणि चारला एकोणतीस व्हायला हवा होता. तक्त्यावर होतं सोळा, अठरा, वीस. प्रत्येक आकडा नेमका नऊनं कमी. म्हणजे बारानंतरही दाब चढतच होता, पहिल्याच चालीनं चढत होता, फक्त सगळं नऊ सेंटिमीटर खाली घसरलं होतं.

या पट्टीचं एक पथ्य आहे. तिचं शून्य माणसाच्या मूत्राशयाच्या उंचीवर पाहिजे. मंगळवारी सकाळी सहाला गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पाण्याची नळी लावून मी स्वतः ते शून्य जुळवलं होतं. ते बिघडायचं तर दोनच वाटा होत्या. एक तर पट्टी नऊ सेंटिमीटर वर सरकली, आणि लाख सांगत होती की ती सरकली नाही.

नाहीतर माणूस नऊ सेंटिमीटर खाली गेला. खाटेवर पडलेला, नाकात नळी आणि हाताला सलाइन असलेला माणूस खाली जाईल कसा?

४

रामाजी वीस वर्षांपासून वॉर्डबॉय होता. मिश्या पांढऱ्या झाल्या तरी त्याला सगळे बॉयच म्हणायचे. मी त्याला बोलावलं ते दुसऱ्याच कारणानं. ऑपरेशनच्या टेबलावर जयवंताला कुशीवर वळवलं तेव्हा घामानं त्याच्या पाठीला काळ्या लोकरीचे तंतू चिकटलेले होते, आणि घाणेरडं ब्लँकेट घातलं म्हणून मी रामाजीला तिथंच झापलं होतं. खाटेवर बसल्या बसल्या मला ती पाठ आठवली.

"रामाजी, त्या दिवशी जयवंताच्या अंगाखाली ब्लँकेट कोणतं होतं?"

"तुम्ही त्या दिवशी बोलले तवा म्या काई म्हटलं नाई साहेब," तो म्हणाला. "पण दवाखान्याचे ब्लँकेट लाल हायेत. काळं एकबी नाई."

"मग काळी लोकर कुठून आली?"

रामाजीनं मिशी चावली. "मले काय मालूम."

"अकरा वाजता तू कुठं होतास?"

"चाय प्याले गेलतो."

"पाऊण तास?"

"चाय गरम होता साहेब."

दुसऱ्या वेळी मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण आता मला दिसायला लागलं होतं. काळी लोकर म्हणजे घोंगडी. घोंगडी घरची. आणि घरचं आणखी एक काहीतरी त्या खाटेवर होतं, मी सकाळी सहाला डोळ्यांनी पाहिलेलं. जयवंताला जीपमधून आणलं ते गादीवर निजवून. हलवलं की तो किंचाळत होता म्हणून आम्ही त्याला गादीसकट उचलून खाटेवरच्या पातळ गादीवर ठेवलं होतं. चांगली जाडजूड, स्वतःच्या शेतातल्या कापसाची गादी. शून्य मी त्या गादीवर निजलेल्या माणसाला धरून लावलं होतं.

संध्याकाळी पाचला ऑपरेशनसाठी त्याला उचललं तेव्हा गादी होती का? मला आठवेना. तेव्हा मी पोटाकडे पाहत होतो.

"रामाजी, गादी कोणी काढली?"

तो दाराकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेब, ह्या गोष्टी इचारू नये. कोनाच्या घरी काय रीत असते. म्या काई नाई सांगनार. काढून टाका मले पायजे तं."

एकाच प्रकरणात दोन माणसं नोकरीवर पाणी सोडायला तयार झाली होती. शुक्रवारी सकाळी मी पिशवीत लाकडी फूटपट्टी टाकली आणि आर्वीची एसटी पकडली.

५

आर्वीच्या पुढं सहा कोस. घराच्या दारात माणसं बसली होती, तिसरा दिवस होता. मला पाहून सगळे उठले आणि त्यामुळं मला आणखीच कसंतरी झालं. जयवंताची आई देवकाबाई ओसरीत खांबाला टेकली होती. साठीची, काटक बाई. मंगळवारी ती दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसून होती आणि मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

गादी ओसरीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी काम करायला लागलो. गादी उलगडली, तिच्यावर बसलो आणि माझ्या मांडीशी फूटपट्टी उभी धरली. दबलेली गादी दहा सेंटिमीटर भरली. शेजारी घोंगडी होती, काळी. दुहेरी घडी केली तर एक सेंटिमीटर.

दहातून एक गेला, नऊ.

"डाक्टर साहेब, गादी कायले मोजून राह्यले?" देवकाबाईनं विचारलं.

"मावशी, ही गादी तुम्ही खाटेवरून काढली होती का?"

"हो." तिनं जराही आडपडदा ठेवला नाही. "काढली न्. त्या मिशीवाल्या दादानं उचलू लागलं. तो नाई म्हनत होता, म्या त्याच्या पाया पडली."

"का काढली?"

"जयवंताचा बाप शेवटी याच गादीवर पडून होता. दोन दिवस तळमळला बापा. जीव जाता जाये ना. मंग माही सासू म्हने, कापूस जीवाले धरून ठेवते, काढा ती गादी. काढली, घोंगडीवर घेतलं, आन् घडीभरात सुटला तो." तिनं पदर तोंडाशी धरला. "पोराचं तोंड पाह्यलं म्या. अस्संच झालंतं, त्याच्या बापासारखं. डोये आत गेले. नाकात नळी, इकडं नळी, तिकडं नळी. मले वाटलं याचा जीव कापसात अडकून राह्यला. म्हटलं, वाचत नसन तं तळमळू तरी नये."

माझ्या हातातली फूटपट्टी घामानं ओली झाली होती. मुलाला मरण सोपं जावं म्हणून तिनं गादी काढली, आणि ती काढल्यामुळं पट्टीवर तो बरा होताना दिसला. मी थिएटरमध्ये निर्धास्त राहिलो. बाराला तो आकडा पंचवीस दिसता तर मी बैलवाल्याचं पोट मधुकरवर सोपवून धावत गेलो असतो. दुपारी बाराला ते आतडं बहुधा वाचलं असतं.

देवकाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. आयुष्यभर आभाळ वाचणारी माणसं तोंडही वाचतात.

"साहेब, गादी काढली तं काई झालं काय? माह्या हातून काई झालं काय?"

मी सर्जन आहे, वाईट बातमी सांगायची मला सवय आहे. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधत मी जितका आत गेलो तितकी ती त्यात कमी सापडत गेली. खाटेला तार कोणी आवळली? मी. माणूस हलला तर शून्य पुन्हा जुळवायचं, हे नर्सला कोणी शिकवलं नाही? मी. पट्टीला कोणी हात लावू नये म्हणून लाख कोणी ठेवली? आणि पोटाला येऊन हात लावा, हा निरोप दारापर्यंत येऊ नये अशी व्यवस्था कोणी केली?

"नाही मावशी," मी म्हणालो. "तुमच्या हातून काही झालं नाही. माझं चुकलं. मी येऊन त्याच्या पोटाला हात लावायला पाहिजे होता. मी नाही आलो."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं शेजारची घोंगडी ओढून मांडीवर घेतली.

"त्या नर्सबाईले काई करू नका," ती शेवटी म्हणाली. "मधात मधात येऊन हात लावून तीच पाहे. बाकी सारे नळीच पाहून राह्यलेते."

सुतकाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत. मी नुसताच उठलो आणि फाट्यापर्यंत उन्हातून चालत गेलो.

६

शनिवारी नऊ वाजता मी प्रभाकररावांपुढं दोन पानांचा अहवाल ठेवला. नर्सनं लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता. दुपारी बाराच्या आधी रुग्णाच्या अंगाखालचं अंथरूण बदललं गेलं आणि त्याचं शरीर नऊ सेंटिमीटर खाली आलं. पट्टी खाटेला जखडून टाकणं आणि दर नोंदीच्या आधी शून्य तपासायची सूचना न देणं ही माझी चूक. नर्सचा तोंडी इशारा माझ्यापर्यंत न येण्याला माझी कामाची पद्धत जबाबदार. खाली सही.

"अंथरूण कोणी बदललं?" प्रभाकररावांनी विचारलं.

"ते लिहायची गरज नाही."

"हे असं गेलं तर तुमची खुर्ची राहणार नाही. नागपूर तर विसराच."

"जाऊ द्या असंच."

त्यांनी कौन्सिलचं पत्र फाडलं आणि माझा अहवाल विश्वस्तांकडं पाठवला. दोन महिन्यांनी विभागप्रमुख दुसरा आला. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही.

त्या सकाळी मी अहवालाची प्रत घेऊन वॉर्डात गेलो. अन्नपूर्णा ड्रेसिंगच्या खोलीत कापसाचे बोळे करत होती. तिनं उभ्यानंच दोन्ही पानं वाचली, दुसरं पान दोनदा.

"गादीचं नाव घेतलं नाही तुम्ही."

मी चमकलो. अहवालात गादी हा शब्दच नव्हता.

"तुला ठाऊक होतं?"

"संध्याकाळी खाट आवरताना पांघरायच्या चादरीखाली घोंगडी निघाली. तेव्हा सगळं कळलं. घडी करून देवकाआजीच्या हातात दिली."

"मंगळवारीच? मग त्या दिवशी माझ्यासमोर तोंड शिवून का उभी राहिलीस? एका शब्दात सुटली असतीस!"

"कोणाचं नाव घेऊन सुटणार होते, सर? ती आजी मला सारखी म्हणत होती, बाई, मी त्याला सोपं करून दिलं. तेवढंच तिच्याजवळ उरलंय. नोकरी गेली असती तर मी रोजीनं शेतात गेले असते." तिनं पानं परत केली. "तिला सांगितलं का तुम्ही?"

"नाही. विचारलं तिनं. मी म्हणालो, चूक माझी."

चार दिवसांत ती पोरगी रडली नव्हती. आता ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात कापसात घालून रडायला लागली. मी शेजारचं स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि तिचं रडणं संपेपर्यंत बोळे करत राहिलो.